दऱ्या आणि दर्या

शनिवारी रात्री अकराला आम्ही विद्यापीठ बंद केलं.
म्हणजे दारं नव्हेत. वाकोल्याकडचं फाटक उघडंच होतं,
वॉचमन उकडलेल्या शेंगा सोलत बसला होता.
बंद केलं ते पडद्यावरचं:
'देखभालीचं काम सुरू आहे. सोमवारी सकाळी सातला भेटू.'
'भेटू' हा शब्द मेलरॉय डाबरेचा.
निविदेत तो नव्हता.

नऊ वर्षांचं बिऱ्हाड हलवायचं होतं.
चार हजारांवर अभ्यासक्रम, त्यांतले निम्मे रिकामे,
'टेस्ट', 'टेस्ट २', 'हा कृपया काढू नये',
एका सरांनी दरवर्षी नव्याने चढवलेली तीच पीडीएफ,
पहिल्या पानावर कुणाच्या तरी अंगठ्याची सावली.
गृहपाठ, पहाटे दोन चाळीसला जमा:
'मॅडम, ड्युटीवर आहे, फोटो तिरका आलाय.'

डोक्यावरून विमानं उतरत होती.
दर विमानाला सर्व्हर-रूमची काच थरथरायची
आणि पट्टी एकसष्ट टक्क्यांवर तशीच.
मेलरॉयने डब्यातलं सुकं बोंबील काढलं,
एसीच्या गारठ्यात तो वास दोन दिवस राहिला.

ती एक ओळ मात्र माझी.
न दिसणारी अक्षरं काढून टाक, असं मी यंत्राला सांगितलं.
रुंदी शून्य, उच्चार शून्य,
जुन्या टंकलेखनातला कचरा. असंच वाटलं मला.
लाखभर निघाली.
पट्टी सरसर पुढे गेली. मी खुश.

सोमवारी सात वाजून दहा मिनिटांनी फोन.
टिपणीस बाई, दूरशिक्षण, भूगोल.
'अहो, माझ्या दऱ्या बुडाल्या.'
मला वाटलं, बाईंचं वय झालं.
'उघडा. प्रकरण तीन. वाचा मोठ्याने.'
वाचलं:
सह्याद्रीत नद्यांनी खोल खोल दर्या कोरल्या आहेत.

तिसऱ्या पानावरचं तिसऱ्या मोडलं होतं,
पायऱ्या मोडल्या होत्या, वाऱ्याची दिशा मोडली होती.
जो र शेजारच्या य चा हात धरून चालायचा
तो आता त्याच्या डोक्यावर चढून बसला होता,
कारण दोघांच्या मध्ये उभं असलेलं,
कुणाच्या नजरेत न भरणारं कुणीतरी
मी झाडून टाकलं होतं.

बाई चिडल्या नाहीत. तेच जास्त लागलं.
म्हणाल्या, 'चौतीस वर्षं शिकवतेय,
घाटमाथ्यावर भरती पहिल्यांदाच पाहिली.'

दुरुस्तीला दोन रात्री लागल्या.
जुनी प्रत काढा, शब्दाला शब्द लावा,
मागे राहिलेला प्रत्येक 'दर्या' थांबवून विचारा:
तू मूळचा कुठला?
सागरविज्ञानातले खरे दर्या सोडून द्या,
बाकीच्यांना परत डोंगरात पाठवा.

शेवटी एकच उरला.
गृहपाठ, सोमवार, पहाटेच. मेलरॉयने तासभर आधी दार उघडलं होतं.
तुकाराम नव्हे, तुळसाजी हांडे. चांदिवलीच्या टॉवरला रात्रपाळी.
'नोट्समध्ये सह्याद्रीत दर्या आहे असं दिलं आहे.
मी जुन्नरचा. आमच्या कातळात शंख-शिंपले सापडत नाहीत,
सगळा काळा दगड. लहानपणी खूप शोधलंय.
पण पावसाळ्यात नाणेघाटातून खाली बघितलं
की पांढरं हलतं, आणि आवाज येतो.
तेव्हा असेलही.'

बाईंनी दहापैकी सात दिले होते.
शेऱ्यात फक्त: 'शंखांचा मुद्दा बरोबर.'

कर्सर त्या र वर लुकलुकत होता.
एक बटण, आणि तोही इतरांसारखा नीट झाला असता.

आज अहवाल दिला. स्थलांतर पूर्ण, त्रुटी एक.
वरच्या साहेबांनी विचारलं, ती का ठेवली?
म्हटलं, ती आमची नाही, विद्यार्थ्याची आहे.
मग एक विमान गेलं
आणि ते पुढे काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही.