मागचे ब्रेक

"नाना, मागचे ब्रेक गेलेत," मी ओरडून सांगितलं.
नानांनी ऐकलं: मागाचे.
"कितव्या? सातव्या, का अकराव्या?"
बावीस वर्षं झाली कारखाना बंद होऊन.
कान त्याच्याही आधी गेलेले.

गाडी उभी विडी घरकुलात,
निम्मी आमच्या दारात, निम्मी रस्त्यावर,
चौदा वर्षांची, सेकंडहँड.
सात रस्त्याला थांबताना ओरडते,
फरशीवरून कुणी पत्रा ओढत नेल्यासारखी.
होटगी रोडच्या गॅरेजवाल्यानं आकडा सांगितला,
मी चहा संपवला, आणि अशोक चौकातून
पॅड, दोन डिस्क, क्लीनरचा डबा
ज्वारीच्या रिकाम्या पोत्यात घालून आणले.

रविवार, सकाळचे सहा. मे महिना.
नऊनंतर पाना हातात धरवत नाही इथं.
पुढच्या चाकांना दगड. हँडब्रेक सोडलेला.
नट आधी सैल, मग जॅक:
क्रम रात्री वहीत तीनदा लिहून काढला होता.
स्टँड लावला, आणि सुटलेलं चाक
आडवं सरकवलं गाडीखाली,
न जाणो.

समोरची यल्लव्वा सूप मांडीवर घेऊन बघत बसली.
"यमुलांची पोर चाक सोडायलीय गं,"
आत कुणाला तरी सांगितलं तिनं.
बोटं थांबली नाहीत. हजार विड्या व्हायच्या होत्या.

कॅलिपरचा पहिला बोल्ट मुकाट सुटला.
दुसऱ्याला पान्यात पाइप घालून अंगाचा भार टाकला,
कट्ट.
बोटाच्या पेराची सालटी तिथंच राहिली.
कॅलिपर नळीवर लोंबू द्यायचा नसतो.
तार शोधायला आत जाणार,
तर नानांनी सदऱ्याच्या खिशातून काढून दिली.
बावीस वर्षं. खिशात तार.

आतला पॅड संपून लोखंड लोखंडावर आलेलं.
डिस्कवर गोल गोल पट्टे, चादरीच्या काठासारखे,
कडेला नखाला अडेल असा उंचवटा.
आणि ती काही केल्या निघेना, गंजानं धरलेली.
मी हातोडा मारत सुटले.
नानांनी तिच्यावर तळवा ठेवला. "मार."
मारला. "लागलं नाही."
पुन्हा. "नाही. जरा खाली."
तिसऱ्याला त्यांनी हात काढून घेतला,
आणि डिस्क पायाशी पडली.

नव्या डिस्कचं तेल पुसलं, बसवली.
पिस्टन मात्र आत जाईना.
क्लॅम्प आवळला, दात आवळले,
मी पिस्टनला आणि गाडी विकणाऱ्याला शिव्या घातल्या.
नाना खाली बसले. गुडघे वाजले,
त्यांना सोडून सगळ्यांना ऐकू गेले.
पिस्टनच्या तोंडावरच्या खाचा अंगठ्यानं चाचपल्या.
"ढकलू नकोस बिड्डा. फिरव.
मेल्लगा."

फिरवत गेले तसा गेला आत, स्क्रूसारखा,
आणि तिकडे बॉनेटखाली
डबीतलं तेल केसभर वर चढलं.

उजव्या चाकाच्या वेळी नाना आपण होऊन बोलले.
"दोरा तुटला की माग जागेवर थांबला पाहिजे.
न थांबणारा माग भोक विणतो.
अकरावा ऐकायचाच नाही. कितीदा ब्रेक बदलला त्याचा."
मग बराच वेळ पान्याचा आवाज.
"कारखाना बंद झाला, तेव्हा थांबला."

नऊ वाजले. पाना तापला.
गाडीत बसून पेडल दाबलं तर पाय थेट तळाला,
खाली काहीच नाही.
असं होतं हे वहीत लिहिलेलं होतं,
तरी पोटात खड्डा पडलाच.
दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. पाचव्यांदा
पायाखाली काहीतरी उभं राहिलं.

अक्कलकोट रोड, रविवारचा मोकळा.
वेग घ्यायचा, हळू दाबायचं, पुन्हा वेग, असं दहा वेळा.
नाना मागच्या सीटवर, डोळे मिटून,
एक तळवा डाव्या चाकावरच्या पत्र्याला, एक उजव्या.
आरशात दिसत होते मला,
दोन्ही हात पसरलेले.

"डावं गप्प आहे," म्हणाले.
"आणि उजवं?"
ऐकू गेलं नसावं.
पुढचा ब्रेक मारला तेव्हा म्हणाले,
"उजवं अजून बोलतंय जरासं.
बोलू दे."