जागा रिकामी आहे काय

बत्तीस वर्षं कलेक्टर कचेरीच्या कुंपणाला टेकून
मी लोकांचे अर्ज लिहितो.
उत्पन्नाचा, रहिवासाचा, म्हशीच्या कर्जाचा,
एकदा तर एका धडधाकट माणसाचा, तो मेलेला नसल्याबद्दल.
मैदानाचा अर्ज पहिल्यांदाच आला,
तोही माझ्याच लेआउटातला.

तक्षशीला मेंढे घेऊन आली, पिशवीत, डब्याखाली.
चौदा पानं. कागदाला वांग्याच्या भाजीचा वास.
'काका, एकतीस मे शेवटची हाये.'
वर ठळक: सामुदायिक मैदानी क्रीडा व विरंगुळा सुविधा.
विरंगुळा हा शब्द
आजवर एकाही अर्जात लिहिला नव्हता.
वेलांटी कुठली, क्षणभर आठवेना.

लाभार्थी किती, वयोगटानुसार.
अंदाजे लिहिता आलं असतं, सगळे तेच करतात.
पण कुलरची मोटर जळली होती, झोप नव्हती,
म्हणून वही घेऊन पहाटे पाचला गेलो
पिवळ्या नदीच्या अलीकडं, टॉवरच्या पायाशी.

अंधारात कुणीतरी पळत होतं.
निनाव्यांचा हर्षल, पोलीस भरतीचा,
सोळाशे मीटर, तोंडानं सेकंद मोजत.
मग चार बाया, साडीखाली नवऱ्यांचे बूट.
सातला पोट्टे, विटांचे स्टंप.
'आउट हायेस बे!'
'काहून आउट?'
दुपारी सेहेचाळीस डिग्रीत तरी कुणी नसेल
असं वाटलं होतं;
बाभळीखाली रात्रपाळीचा एक लूमवाला झोपलेला,
डोक्याखाली टिफिन.
रात्री अकराला, पोरं घरी गेल्यावर,
ट्रकच्या टायरच्या झोक्यावर
गजभियेंची थोरली सून एकटी,
पाय जमिनीला टेकू न देता.
मला पाहून उतरली.
शून्य ते चौदा, पंधरा ते पस्तीस, दिव्यांग, ज्येष्ठ.
ती वयानं बसत होती एका रकान्यात,
तरी मी वही मिटली.

अंदाजपत्रक सोपं.
तीन कोटेशनं लागतात, तिन्ही एकाच दुकानदारानं दिली
तीन लेटरहेडांवर, वर चहाही पाजला.
घसरगुंडी एक. लोखंडी बाक सहा.
चालण्याचा पट्टा दोरी धरून मोजला: दोनशे मीटर.
म्हणजे हर्षलच्या बरोबर आठ फेऱ्या.
दोनशेचा आकडा पेनानं दोनदा गिरवला,
वरच्या साहेबानं दीडशे करू नये म्हणून.
नकाशाही मीच काढला, पोराच्या कंपासपेटीतली पट्टी घेऊन.

पान अकरा.
प्रस्तावित जागा रिकामी आहे काय? होय किंवा नाही.
नाही असल्यास प्रस्ताव विचारात घेतला जाणार नाही.

चहा दोनदा थंड झाला.
होयवर खूण केली.
पोटासाठी पुष्कळ खोटं लिहिलंय मी,
पण एवढं गर्दीचं खोटं
कधी लिहिलं नव्हतं.

चार बावन्नला शिक्का बसला, आवक क्रमांक मिळाला.
तक्षशीला म्हणाली, 'काका, तुमचे किती झाले?'
मी म्हटलं, पैसे राहू दे.
मंजूर झालं तर त्या टायरला मात्र
कुणाला हात लावू देऊ नको.

'तो तं काढाच लागंल, काका,' ती म्हणाली,
'नकाशात तिथंच घसरगुंडी हाये नं.'