अकरा किलो

काजू फोडून चिकाने सोललेली बोटं
राखेत घोळून मी उठले तेव्हा
मुकादमाने माझे अकरा किलो
भागीरथीच्या नावावर मांडले होते.
म्हटलं, ते माझे.
वहीतून मान वर न करता म्हणाला,
"तू खंय होतंस? माका दिसलंस नाय."

त्याच्या समोरच्याच पाटावर,
खिडकीखाली, सतरा वर्षं.

बाकीच्या बायका
अख्खे वेगळे, तुकडे वेगळे करत राहिल्या.
त्यांनाही पोरं आहेत, मी रागावले नाही.
खोटं कशाला, रागावले.

मोचेमाडचा साकव ओलांडला,
खाडीला ओहोटी, चिखलाचा वास,
आणि पाय घराकडे न वळता
सातेरीकडे गेले.
देऊळ बंद. जाळीतून दिसलं तेवढं:
वारूळ. हिरवी साडी नेसवलेली माती.
नाक नाही, कान नाहीत,
डोळे तर नाहीतच.
चांदीचा मुखवटा जत्रेपुरता,
एरवी मानकऱ्यांच्या कपाटात.

"बाय गे, माझे अकरा किलो."
एवढंच बोलता आलं, मग नुसतं रडू.

किती वेळ बसले कोण जाणे.
आत, काळोखात,
वाळवी माती रचत असेल, कण कण,
कुठल्याच वहीत न मांडलेली.
तिचीच तर देवी झाली.

उद्या आठला जायचंय.
वही त्याचीच असेल, पेनही.
उठताना पाहिलं, जाळी धरली होती तिथे
माझ्या बोटांचे काळे डाग उमटलेत.
पदराने पुसणार होते.
राहू दिले.