रकाना अकरावा

मालाडला, खाडी बुजवून उभ्या केलेल्या इमारतीत
सातव्या मजल्यावर मी इंग्रजांचं ऊन तपासते.

दुपारी दीडला लॉग-इन करते तेव्हा
तिकडे स्पेनच्या किनाऱ्यावर खुर्च्या मांडणं चालू असतं.
तासाभरात कागद यायला लागतात:
पाठ भाजली, दोन रात्री इस्पितळ.
जेलीफिश. परत जेलीफिश.
गॅलरीतून पोहण्याच्या तलावात उडी,
तलाव चुकला.
कवळी लाटेबरोबर गेली, पावती जोडलेली नाही.
सोबत फोटो. लालबुंद खांदे,
आणि त्यांवर बनियनच्या आकाराचा
जपून ठेवलेला पांढरा माणूस.

एकदा आईला दाखवला त्यातला एक, नाव झाकून.
शेकडो जण ओळीनं उताणे.
मढच्या बंदरावर जन्म गेलेली बाई,
मोबाईल लांब धरून म्हणाली,
"मांदेली घातलीत गो खळ्यात.
पन वेळेवर परतली नाय
तर एका अंगानं कच्ची ऱ्हातील."

गावांची नावं ट्रेनिंगमध्ये घोटून घेतली होती.
तोर्रेविएखा. लिहिताना ज, म्हणताना ख,
घशात काटा अडकल्यासारखा.
फोन करणारे सरळ ज म्हणतात.
बावीस वर्षं तिथंच राहून ज म्हणतात,
जशा मिसेस डोरीन ऑल्सॉप.

त्यांचे रॉय हिरवळीवर चेंडू घरंगळवत होते,
तसला एक म्हाताऱ्यांचा खेळ असतो,
वाकले, ते वाकलेच.

पॉलिसी स्वच्छ आहे.
देह मायदेशी पोचवायचा तर सगळा खर्च.
तिथल्या तिथं पुरायचा तर अडीचशे पौंड.
मी विचारलं, रकाना अकरा, घरचा पत्ता?
"हाच की, बाळ."
तो चालत नाही, मॅडम. ब्रिटनमधला.
"ग्रिम्सबीचं घर विकलं.
गोदीत बोटी येईनाशा झाल्या, मग कशाला ठेवायचं?
रॉय ट्रॉलरवर होता, आयुष्यभर बर्फात हात.
म्हणाला, आता ऊन.
तिकडे एक पुतण्या आहे, तोसुद्धा सुट्टीला इकडेच येतो.
खांदा द्यायला इथं सगळी गल्ली आहे,
हलचे, लीड्सचे, एक स्कॉटिश नर्स.
कुठं परत पाठवतेस त्याला?"

परत. आईचाच शब्द,
पण हिच्या फॉर्मला दुसरं अंग नव्हतं.

"तू कुठून बोलतेस?"
याचं उत्तर छापील आहे: आपल्या विमा कंपनीकडून.
मी म्हटलं, समुद्राजवळून.
"कसला समुद्र?"
मासळीचा.
थोडा वेळ नुसती घरघर. मग,
"वास येतो?"
येतो म्हणतात. आम्हाला नाही येत.
"आम्हालाही यायचा नाही," त्या म्हणाल्या,
आणि तेव्हा कुठं रडल्या.

गेल्या महिन्यात आमच्याकडेही आला होता एक,
गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब.
खळ्याची जागा कोणाच्या नावावर?
आईनं बोटानं दाखवली, इथनं तिथपर्यंत.
तो थांबून राहिला.
बोट टाईप करता येत नाही.

अकराव्यात मी तोर्रेविएखा लिहिलं. लाल झालं.
रिकामं सोडलं. लाल.
शेऱ्यात लिहिलं: मयत घरीच आहे.
सुपरवायझर संकेत खाड्ये यांनी हसून डोळा मारला
आणि फाईल परत माझ्याकडे टाकली.

अकरा दिवस ती तशीच आहे.
मिसेस ऑल्सॉप रोज फोन करतात, साधारण नऊला,
फाईलचं विचारत नाहीत.
"आज काय लागलं जाळ्याला?"
मी होडीत शेवटची बसले ती सातवीत.
तरी सांगते: पापलेट नाही. थोडे बोंबील. बाकी प्लॅस्टिक.
"हॅडॉक असाच गेला," त्या म्हणतात,
"आधी लहान झाला, मग महाग, मग गेला."

कॉल चौदा मिनिटं. मर्यादा सहा.
आठ मिनिटांचं काय ते कारण लिहायचं असतं.
त्याला मात्र रकाना आहे,
चांगला ऐसपैस,
हजार अक्षरांचा.