चार आणे

सावळजच्या पुढं, बेदाण्याच्या शेडमध्ये
गंधकाच्या धुरीनं घसा धरलेला.
ताडपत्रीवर ढीग, ढिगाभोवती बाया,
हिरवा एकीकडं, पिवळा एकीकडं, काळा मागं.

पहिल्या वर्षी मी तक्ता घेऊन यायचे.
सडलेल्या गालांची रंगीत चित्रं
खिळ्याला टांगून पट्टीनं दाखवायचे.
बाया पदर तोंडाला लावून बघायच्या, चुकचुकायच्या,
आणि चहाच्या सुट्टीत त्याच पदराआड
दातांवरून बोट फिरवायच्या.
मी आणखी मोठा तक्ता मागवला होता.

आता हात रिकामे.
कलाबाई हाक्केंच्या शेजारी बसते, काड्या वेचते.
माझा ढीग त्या पुन्हा चाळतात,
काही न बोलता.

"मिश्री काय देते तुम्हाला?"
"देती?" त्यांचा हात थांबला.
घेते काय, हेच आजवर सगळ्यांनी सांगितलेलं.
"पोट साफ करती. दाढ गप करती.
दोनपातूर भूक लागू देत न्हाई.
मालक गेलं त्या साली
रात्रीची तीच एक जागी असायची माझ्यासंगं."

मी माझा 'पण' गिळला.
गिळलेला 'पण' करपट ढेकरासारखा वर येत राहतो.

"सोडावी असं कितपत वाटतं?
शून्य ते दहा, आकडा तुम्ही सांगा."
"दहाचं मला न्हाई कळत, बाई.
रुपायात सांगू?
चार आणे."

बाकीचे बारा कुठं गेले, हे जिभेवर आलं होतं.
मिरजेच्या प्रशिक्षणात पाठ करून घेतलेलं, तेवढं आठवलं
आणि उलटं विचारलं:
"चार तरी का? एकच आणा का नाही?"

बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
पलीकडं वजनकाट्यावर कुणीतरी खोकं आदळलं.
मग बेदाण्यांनाच सांगितल्यासारखं—
"रविवारी चुलीवर तंबाखू टाकली
आन् शेळी सुटली म्हणून मागं पळाले.
येऊन बघते, तर स्वरांजलीनं खापरी उतरून ठेवलेली.
नऊ वर्साची हाय.
करपू दिली न्हाई. नेमका रंग.
माझ्यापरीस बरा.
म्या शिकवलं न्हवतं."

"शिकवलं नव्हतं," मी म्हणाले. एवढंच.
"न्हाई. नुसती बघत बसायची माझ्याजवळ."

पुढचं वाक्य माझ्याकडं तयार होतं,
सात वर्षं घासून गुळगुळीत झालेलं.
मी एक काडी वेचली. मग आणखी एक.

"सकाळची न्हाई सुटायची," त्या म्हणाल्या.
"दुपारची बघू. डबी घरीच ठिवते."
हात पुन्हा थांबला.
"घरी नको. घरी ती हाय."
कमरेची डबी काढली, उठल्या,
शेडच्या आडव्या पाइपावर, कोळिष्टकात ठेवली.
"हितंच ऱ्हाऊ दे."
बसताना हसल्या, जराशा घाबरून:
"मंग सकाळचं काय करू गं मी?"
मला ठाऊक नव्हतं. तसंच सांगितलं.

वहीत 'परिणाम' नावाचा रकाना आहे,
दोन बोटं रुंदीचा.
त्यात मी 'शेळी' लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.

पुढच्या मंगळवारी पाइपावर डबी नव्हती.
कुठं गेली, विचारलं नाही.
मान वर झाली होती, ती मात्र त्यांनी पाहिली.
"कसा गेला आठवडा, कलाबाई?"

"बसा आधी," त्या सरकल्या.
"आन् काड्या नीट वेचा.
गेल्या बारीला तुमच्या ढिगात
धा निघाल्या."