जव पोचले

संग्रहालयाचा पंखा परत बिघडला आहे.
तिकिटं फाडून झाली की स्टामाता
काचा पुसते. आतून नाही, बाहेरून,
पोरांच्या नाकांचे डाग.
शाळेची सहल आली की एक तरी विचारतोच:
मावशी, गाण्यातलं ते सगळं खरंच घडलं का?

किल्ल्यांचा जुडगा कमरेला अडकवत ती म्हणते,
ये इकडे. ही पाटी बघ,
तळहाताएवढी, उन्हात वाकलेल्या पापडासारखी.
ज्याच्या रागावर माणसं रात्र रात्र गायली
त्याचं नाव आहे हिच्यावर.

पोरगा काचेला चिकटतो.

हा तो नव्हे रे, नावाचा धनी दुसराच कुणी.
याला कोठारातून जव पोचले, इतकी मापं. बस.
राग मोजायची खूण नव्हती कारकुनाकडे.

आणि ही दुसरी. समुद्रापलीकडून आणलेल्या बायका,
सूत काढणाऱ्या, एकवीस.
मुली बारा, मुलगे दहा.
गहू इतका, अंजीर तितके.
नावं नाहीत. कुणी आणल्या,
कुठलं गाव पेटवून, तेही नाही.
गाण्यात अशा बायका केस मोकळे सोडून रडतात,
इथे त्यांना शिधा मिळतो.
तुला यातलं कुठलं खरं हवंय?

तसं गाणंही विसरभोळं म्हणता येत नाही.
रानडुकराच्या सुळ्यांची टोपी,
शेकडो वर्षांत कुणी डोक्यावर न घातलेली,
तिच्या आतला नमद्याचा थरसुद्धा त्यानं सांभाळला.
रथांचं काय करायचं ते मात्र विसरलं:
वीर टांग्यातून यावेत तसे येतात,
उतरतात, आणि पायीच लढतात.
पोरं हसतात. बाईंनाही हसू आवरत नाही.

कच्च्याच होत्या या पाट्या. वर्ष सरलं
की पाण्यात कालवून नव्या थापायच्या.
मग एका वर्षी तेलाच्या कोठारानं पेट घेतला
आणि तेवढ्या एका वर्षाचा हिशेब भाजून निघाला.
आग घेऊन कोण आलं, हे लिहायला
कारकून थांबला नाही.
मीही थांबले नसते.

पाच वाजता ती कुलूप लावते, उतार धरते.
दोन्ही बाजूंना काळी खोडं, बुंध्याशी हिरवी पालवी.
गेल्या ऑगस्टात डोंगर जळाला तेव्हा
यादी तिनंच केली, मुलाच्या चौकटीच्या वहीत:
जैतुनाची झाडं तीनशे दहा,
शेळ्या चाळीस, पैकी गाभण अकरा,
मधाच्या पेट्या सतरा,
लेमोनियाचं खेचर, एक.
खाली रेघ मारून: सरकारकडून येणे बाकी.

कॉफीच्या दुकानात थ्रासिवुलोस रंगात आलाय.
सुरुवातीला ज्वाळा सुरूच्या झाडाएवढ्या होत्या,
नाताळपर्यंत चर्चच्या घंटेला लागल्या,
आज त्यांची धग होड्यांनाही बसते.
खेचर त्यानं खांद्यावर घेतलं म्हणे.

दावं कुणीच सोडलं नव्हतं.
स्टामाताला माहीत आहे. वहीत लिहिलंय,
तिच्याच अक्षरात, आणि वही पर्समध्ये आहे.

पण वहीत त्या आवाजाचा रकाना नाही,
पाइनची फळं फुटत होती तो,
आणि थ्रासिवुलोस तो आवाज काढतो,
जीभ टाळूला लावून, डोळे मिटून,
असा, की दुकानातला पत्त्यांचा डाव थांबतो.
तो नदीत उतरतो. पाणी कमरेला.
जनावर त्याच्या कानापाशी धापा टाकतंय.

कोपऱ्यात लेमोनिया बसली आहे.
त्या रात्री तिनं कुंपणापासून सगळं ऐकलं होतं,
सगळं, शेवटपर्यंत.

स्टामाता पर्सची चेन ओढून घेते.

लेमोनिया खुर्ची पुढे सरकवते.
मग? विचारते.
पैलतीराला लागलं का?