लाभ

मार्केट यार्डात हळदीचे सौदे उरकल्यावर
ताडपत्रीवर निजवला एक रबरी माणूस,
कमरेखाली नसलेला.
मुजावर सिस्टर म्हणाल्या,
कोपरं ताठ. दोन इंच दाबा. तीसपर्यंत मोजा.

ऐवळेतात्या गुडघ्यांवर बसले.
चाळीस वर्षं वजन पाठीवर झेललं,
आज तळहातातून खाली सोडायचं.
"लाभ, दोन, तीन…"
पोरं हसली. सिस्टर नाही.

गेल्या पौषात बिरू इथंच पडला, काट्याशेजारी.
आम्ही कांदा फोडला, वारा घातला,
रिक्षाला माणूस धाडला.

पेटीतलं यंत्र बोललं : बाजूला व्हा.
सगळे झालो.
तात्यांचे हात सिस्टरनी उचलले.

रबरी छातीवर तळव्याचा पिवळा ठसा.
पुढचा कोण?

त्याच ठशावर मी तळवा टेकला.
लाभ.